उसाच्या बिलासोबत अन्नद्रव्यांचा ताळेबंदही द्या: साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, संचालक मंडळ, कार्यकारी संचालक आणि शेती अधिकारी,
महाराष्ट्रातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने यांस

सप्रेम नमस्कार.

मी कृष्णाकाठचा ऊस उत्पादक आहे. हे पत्र कुणा एका कारखान्याला उद्देशून नाही आणि दराबद्दलही नाही. मागणी एकच आहे. हंगाम संपला की तुम्ही आम्हाला ऊस बिल देता. त्याच बिलासोबत प्रत्येक प्लॉटचा अन्नद्रव्यांचा ताळेबंद द्या. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) त्या प्लॉटमध्ये किती किलो आले, उसाबरोबर किती बाहेर गेले आणि फरक किती राहिला, एवढेच त्यात हवे.

हे काम कृषी खात्याचे, विद्यापीठाचे किंवा एखाद्या अॅप कंपनीचे आहे, असे तुम्हाला वाटेल. मला तसे वाटत नाही. शेतीचा हिशोब ठेवणारी अॅप आज पुष्कळ आहेत. पण प्रत्येक अॅपची पहिली अट अशी की शेतकऱ्याने रोज बसून माहिती भरावी. भरणीच्या गडबडीत, रात्रपाळीच्या विजेवर पाणी पाजणारा माणूस ही माहिती भरत नाही, आणि त्याने ती भरावी अशी अपेक्षा धरणेही बरोबर नाही. ज्या नोंदी आधीच कुठेतरी होत आहेत, त्या जोडूनच हे काम होईल. उसाच्या बाबतीत त्या नोंदी सगळ्यांत जास्त तुमच्याकडे आहेत.

शेती विभागाकडे ऊस नोंद असते. गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, जात, आडसाली (पावसाळ्यात लावलेला, दीड वर्षाचा) की सुरू (हिवाळ्यात लावलेला, वर्षभराचा), लागण (नवीन लावलेला) की खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला), सगळे तिच्यात येते. काट्यावर प्रत्येक खेपेचे वजन होते. खत विभागाकडे उधारीवर कुणी कोणते खत किती पोती उचलले याची नोंद असते. माती परीक्षणाची प्रयोगशाळा बऱ्याच कारखान्यांकडे स्वतःची आहे. प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) कुणाच्या शेतात किती गेले, हेही कुठेतरी लिहिलेले असते. आणि मुख्य गोष्ट म्हणजे या सगळ्यांची जोडणी तुमच्या संगणकात आधीच झालेली आहे. ती झाली नसती तर उसाच्या बिलातून खताची उधारी कापताच आली नसती. जोडणी रुपयांत आहे, तीच किलोत करायची आहे.

एक उदाहरण मांडतो. एकरभर आडसाली ऊस, उतारा साठ टन. पूर्ण पिकाला युरिया सहा पोती, डीएपी तीन, १०:२६:२६ दोन आणि म्युरेट ऑफ पोटॅश एक पोते टाकले. आमच्या भागात असा डोस पाहिला तर कुणाला नवल वाटणार नाही. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र २०.७ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात नत्र ९ आणि स्फुरद २३ किलो. १०:२६:२६ च्या पोत्यात नत्र ५, स्फुरद १३ आणि पालाश १३ किलो. पोटॅशच्या पोत्यात पालाश ३० किलो. बेरीज केली की शेतात नत्र १६१ किलो, स्फुरद ९५ किलो आणि पालाश ५६ किलो गेले. आता बाहेर काय गेले ते पाहू. गाळपाला जाणाऱ्या उसाबरोबर टनामागे नत्र किलोभर, स्फुरद अर्धा किलो आणि पालाश दीड किलो जाते असे धरू. जात, जमीन आणि हंगामाप्रमाणे हे आकडे बदलतात, पण अंदाजाला एवढे पुरे. साठ टनांबरोबर नत्र ६०, स्फुरद ३० आणि पालाश ९० किलो बाहेर गेले.

आता फरक बघा. नत्र १०१ किलो शिल्लक, स्फुरद ६५ किलो शिल्लक, पालाश ३४ किलो तुटीत.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आडसालीची शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७० आहे, म्हणजे एकरी १६०:६८:६८. या शेतकऱ्याचे नत्र शिफारशीला तंतोतंत जुळते. तो बेफिकीर माणूस नाही. पण स्फुरद एकरी २७ किलो जास्त पडले आणि पालाश १२ किलो कमी पडले, हे त्याला कळायला आज काहीच मार्ग नाही. कारण त्याच्या डोक्यात हिशोब पोत्यांचा आहे आणि जमिनीचा हिशोब किलोंचा. शिल्लक स्फुरद जवळजवळ तीन पोती डीएपीएवढे भरते. पोत्याला १,३५० रुपये धरले तरी चार हजारांच्या आसपास रक्कम झाली. ते सगळे स्फुरद पुढच्या पिकाला मिळेल असे मी म्हणत नाही. चुनखडीच्या जमिनीत ते अडकून पडते. पण ज्या प्लॉटमध्ये चार हंगाम ओळीने स्फुरद शिल्लक दिसते, तिथे माती तपासून खोडव्याचे डीएपी कमी करायला हरकत काय? हा प्रश्न विचारायला तरी तो आकडा समोर हवा.

पालाशाबद्दल थोडे सविस्तर लिहायलाच हवे, कारण आमच्याकडे सगळ्यांत मोठी गैरसमजूत तिथेच आहे. काळ्या जमिनीत पालाश भरपूर असतो, टाकायची गरज नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यात तथ्य होते. आपल्या काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या कणांत पालाशाचा मोठा साठा असतो आणि पीक वरचा पालाश उचलते तसा तो आतून सावकाश सुटत राहतो. म्हणूनच माती परीक्षणात उपलब्ध पालाश वर्षानुवर्षे 'भरपूर' असाच येतो. तो रिपोर्ट त्या दिवशी पिकाला किती मिळू शकते ते सांगतो, आतला साठा किती वेगाने खाली चालला आहे ते सांगत नाही. साठ टनी उसाला दर हंगामात तीस-चाळीस किलोंची तूट येत असेल, तर माती परीक्षणाचा आकडा घसरण्याच्या कितीतरी आधी ती ताळेबंदात दिसेल. बँकेच्या पासबुकात शेवटची शिल्लक असते आणि दर महिन्याची आवक-जावकही असते. आम्हाला आज फक्त शेवटची शिल्लक दिसते.

केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका २०१५ साली सुरू झाली. बारा घटक तपासायचे ठरले, चांगली गोष्ट झाली. पण बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना ही त्या योजनेची मूळ पद्धत. आमच्याकडे कित्येकांची सगळी जमीन मिळून अडीच हेक्टर भरत नाही. म्हणजे पत्रिकेवर नाव माझे आणि माती शेजाऱ्याची, असे होऊ शकते. पत्रिका असावीच, मी तिच्या विरोधात नाही. पण प्लॉटनिहाय आवक-जावक तिच्यातून कळणार नाही.

मोजमापात काय काय अडचणी येतील, याचा मी विचार केला आहे. पहिली अडचण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. नोंद एकाच्या नावावर, ऊस जातो दुसऱ्याच्या नावावर. एका घरात तीन सभासद असतात, तोडणीचा प्रोग्रॅम ज्याचा आधी लागला त्याच्या नावावर दोन खेपा जातात. थोडा ऊस बेण्याला जातो, कोल्हापूर भागात थोडा गुऱ्हाळाला जातो, एखाद्या वर्षी दुसऱ्या कारखान्याच्या गाड्या शिरतात. म्हणून ताळेबंद सभासदाच्या नावाला न बांधता प्लॉटला बांधावा लागेल. काटा पावतीवर प्लॉटचा नंबर येऊ द्या. तोडणीची चिठ्ठी देतानाच तो तिच्यावर टाकता येईल. पैशाचे खाते ज्याचे त्याचे राहू दे.

दुसरी अडचण तुमच्या नोंदीत न येणाऱ्या गोष्टींची. ठिबकातून सोडलेली १२:६१:०, ०:०:५० ही विद्राव्य खते बाहेरच्या दुकानातून येतात. शेणखताच्या ट्रॉल्या कुणी मोजत नाही. चांगल्या शेणखतातून टनाला साधारण पाच किलो नत्र आणि तेवढेच पालाश मिळते, म्हणजे दहा टनांचा हिशोब सोडून दिला तर ताळेबंदच चुकतो. काही जण शेतात मेंढरं बसवतात. पाचट जाळले की ठेवले, यावरही बरेच अवलंबून आहे. जाळले तर त्यातले नत्र आणि गंधक धुरात जाते, पालाश राखेत राहतो. ठेवले तर सगळेच रानात राहते. आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. तोडणीवाल्यांच्या बैलांना जाणारे, बांधावरून विकले जाणारे वाढे कोणत्याच काट्यावर येत नाही, पण उसाच्या या हिरव्या भागात पालाश भरपूर असतो. शिवाय सॉफ्टवेअरमध्ये पिकाने एकूण उचललेले आणि रानातून प्रत्यक्ष बाहेर गेलेले, हे दोन आकडे वेगळे ठेवावे लागतील. पुस्तकातले उचलीचे आकडे तसेच वापरले तर पाचट राखणाऱ्या शेतकऱ्यालाही खोटी तूट दिसेल.

यावर उपाय अवघड नाही. तुमचा चिटबॉय (शेतावर फिरणारा कारखान्याचा कर्मचारी) नोंदीला येतो आणि तोडीच्या आधीही येतो. तेव्हा त्याने चार प्रश्न विचारावेत: बाहेरून खत कोणते आणले, शेणखत किंवा मेंढरं किती, पाचटाचे काय करणार, वाढे कुठे जाते. उत्तरे त्याच्याच मोबाईलमध्ये भरावीत. शेतकऱ्याला काही टाइप करायला लावू नका.

आणखी एक आवक आहे, जिच्याकडे आमचे कुणाचेच लक्ष नाही. ती म्हणजे विहिरीचे पाणी. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या तपासणीत महाराष्ट्रातील अनेक ठिकाणचे पाणी त्या मर्यादेच्या वर निघाले आहे. मर्यादेइतके नायट्रेट असलेल्या एक लाख लिटर पाण्यात एक किलो नत्र असते. पाटाने, म्हणजे सरीत मोकळे सोडून, पाणी पाजलेल्या आडसाली उसाला एकरी पाणी कोटी लिटरच्या घरात लागते. ते सगळे अशा विहिरीचे असेल तर शंभर किलो नत्र पाण्यातून आले. त्यातले सगळे मुळांना मिळेल असे नाही, काही परत खाली झिरपेल. पण मागच्या हंगामात ज्या युरियाला आपण पैसे मोजले, तोच विहिरीत उतरून पुन्हा वर येतो आहे आणि आपण त्याच्यावर नवीन युरिया टाकतो आहोत. हेच पाणी आमची मुलेबाळे पितात. अनुदानामुळे युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणून त्याचा हिशोब ठेवावासा कुणाला वाटत नाही. ही गोष्ट मला मनापासून अस्वस्थ करते. विहिरीच्या पाण्याची वर्षातून एक नायट्रेट तपासणी तुमची प्रयोगशाळा सहज करू शकेल.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र कृषी आयुक्तांऐवजी तुम्हाला लिहिले, त्याकडे येतो. साखरेत नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. ती हवेतून आणि पाण्यातून तयार झाली. आमच्या जमिनीतून निघालेली अन्नद्रव्ये साखरेच्या पोत्यातून बाजारात जात नाहीत, ती तुमच्या आवारातच थांबतात. स्फुरद मुख्यतः प्रेसमडमध्ये उतरते. बगॅस (रस काढून उरलेले चिपाड) बॉयलरमध्ये जळते, त्यातले नत्र उडून जाते आणि बाकीचे राखेत राहते. पालाश रसात असतो, साखरेच्या दाण्यात शिरत नाही म्हणून मोलॅसिसमध्ये, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकात, साठत जातो. मोलॅसिस डिस्टिलरीत गेले की इथेनॉल निघते आणि पालाश स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्यात, राहतो. रसापासून किंवा सिरपपासून थेट इथेनॉल केले, तरी तो त्याच वाटेने जातो.

याच पालाशापासून आता खत बनते. मोलॅसिसपासून मिळवलेल्या पालाशाला, म्हणजे पीडीएमला, केंद्राने २०२१ मध्ये अन्नद्रव्य आधारित अनुदान योजनेत घेतले. त्यात पालाश १४.५ टक्के असतो. म्युरेट ऑफ पोटॅश मात्र आपला देश जवळजवळ सगळाच परदेशातून आणतो. म्हणजे आमच्या रानातला पालाश कारखान्याच्या आवारात पडून आहे आणि त्याच रानासाठी पोटॅश जहाजाने येतो. पीडीएम तयार करणाऱ्या कारखान्यांचे मी अभिनंदन करतो. पण ते कुठे विकले जाते? ज्या प्लॉटमधून पालाश आला, तिथे त्याचा किती वाटा परत गेला? हे आज सांगता येत नाही, कारण कुणी लिहीत नाही. ताळेबंदात 'कारखान्याकडून परत' असा एक रकाना ठेवा. प्रेसमड, राख, पीडीएम, जे काही दिले असेल ते किलोत त्या रकान्यात येऊ द्या. ज्या प्लॉटची पालाशाची तूट मोठी, त्याला पीडीएम आधी. आज प्रेसमडची गाडी कुणाच्या रानात आधी जाते, हे सगळ्या गावाला माहीत असते. त्यासाठी एक न्याय्य निकष मिळेल.

यात एक सावधगिरी हवी. शिरोळ, वाळवा, मिरज या पट्ट्यात क्षारपड आणि चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनी पुष्कळ आहेत. स्पेंटवॉशपासून झालेल्या पदार्थात पालाशाबरोबर इतर क्षारही असतात. अशा प्लॉटला मातीची क्षारता बघितल्याशिवाय पीडीएम देऊ नये, आणि सॉफ्टवेअरने तिथे आपोआप थांबायला हवे. तुटीचा आकडा बघून क्षारपड रानात क्षार ओतले तर त्या आकड्याचा उपयोग शून्य.

बाहेरच्या दोन देशांचे अनुभव सांगतो, कारण ते आधी ठेचाळले आहेत. नेदरलँड्सने १९९८ मध्ये 'मिनास' नावाची पद्धत आणली. शेताच्या फाटकातून आत आलेले नत्र-स्फुरद आणि बाहेर गेलेले यांचा हिशोब, आणि शिल्लक मर्यादेच्या वर गेली की दंड. युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये ती नायट्रेटच्या कायद्याला पुरेशी नाही असे ठरवले आणि २००६ मध्ये ती बंद झाली. पुढे तिथल्या दूध धंद्याने स्वतःची हिशोब पद्धत उभी केली. तिच्यात दूध संघाची आणि पशुखाद्य कंपनीची माहिती थेट येते, शेतकऱ्याला ती पुन्हा भरावी लागत नाही. न्यूझीलंडमध्ये 'ओव्हरसियर' हे सॉफ्टवेअर मुळात खताच्या सल्ल्यासाठी तयार झाले. पुढे काही भागांत त्यावरच नत्र झिरपण्याचे नियम बांधले गेले, आणि २०२१ मध्ये सरकारी तज्ज्ञ समितीने सांगितले की त्या अंदाजांवर एवढा विश्वास ठेवता येत नाही. नत्र हवेत किती उडाले आणि खाली किती झिरपले, हे कोणतेही सॉफ्टवेअर नेमके सांगू शकत नाही. म्हणून माझी विनंती आहे की हा ताळेबंद सल्ल्यापुरताच असावा. त्यावरून कुणाची उधारी अडवू नका, कुणाची तोड मागे टाकू नका.

माहितीच्या मालकीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. ज्या दिवशी शेतकऱ्याला वाटेल की ताळेबंदातली तूट दाखवून कारखान्याच्याच दुकानातले खत गळ्यात मारले जाते आहे, त्या दिवशी चिटबॉयला खरी उत्तरे मिळणे बंद होईल. तुम्ही खत विकता आणि सल्लाही देता, त्यामुळे ही शंका येणारच. यासाठी सल्ल्याचे सूत्र उघड ठेवा. टनामागे किती नत्र-स्फुरद-पालाश धरले, ते ताळेबंदाच्या मागच्या बाजूला छापा. हे आकडे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने आणि पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने आपल्या जमिनींत, को ८६०३२ आणि फुले २६५ सारख्या आपल्या जातींवर मोजून दर काही वर्षांनी सुधारून द्यावेत. स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या रूपात धरले की मूलद्रव्याच्या, हेही लिहा. पालाशाचा आकडा एका रूपातून दुसऱ्यात नेताना १.२ पट बदलतो आणि स्फुरदाचा २.२९ पट. प्रयोगशाळेने एक धरले आणि सॉफ्टवेअरने दुसरे, तर सगळी मेहनत वाया जाईल. आणि माझ्या प्लॉटची माहिती माझ्या संमतीशिवाय कुठल्याही खत कंपनीला, विमा कंपनीला किंवा बँकेला जाऊ नये, असा ठराव संचालक मंडळाने करावा.

बारामतीला उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालू आहेत, राज्य सरकारने २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वेगळे धोरणही आणले. त्या कामाचे मला कौतुक आहे. पण उपग्रहाला उसाची हिरवाई दिसते, त्या रानात किती पोती पडली आणि किती टन ऊस गेला हे दिसत नाही. ती माहिती तुमच्या काट्यावर आणि खत गोदामात आहे. पुढची कोणतीही हुशार यंत्रणा याच दोन नोंदींवर उभी राहणार आहे.

सुरुवात सगळ्या कार्यक्षेत्रात करा असे मी म्हणत नाही. एक गट कार्यालय निवडा, जिथला शेती मदतनीस कामसू आहे आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास आहे. त्या गटातल्या लागण आणि खोडव्याच्या सगळ्या नोंदींना या हंगामापासून प्लॉट नंबर द्या. हंगाम संपल्यावर प्रत्येकाला एका पानाचा मराठी ताळेबंद द्या आणि त्या गटाचा एकूण हिशोब पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालाच्या पुस्तकात छापा. सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय सभासदांकडून लेखी यावा लागतो. आमच्या गावातले सभासद तो देणार आहेत. इतर गावांतल्या सभासदांनीही आपापल्या कारखान्याकडे मुदतीत द्यावा, अशी त्यांना या पत्रातून विनंती करतो.

आपला विश्वासू,
कृष्णाकाठचा एक ऊस उत्पादक सभासद